तुटक रेषेतलं देऊळ

उन्हाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक रील आली. पन्नासेक सेकंदांची. आधी ड्रोनमधून दिसणारं उजनीचं पाणी, काठचा भेगाळलेला गाळ आणि त्यात उभं पळसनाथाचं देऊळ. मग 'पाहा मूळ रूप' अशी अक्षरं आली आणि चित्र बदललं. गाळाच्या जागी चकचकीत फरशी, शिखरावर सोन्याचा कळस, दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, पुढे संपता संपेना असा खांबांचा मंडप, पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या. मागे शंख. मामेभावाने खाली लिहिलं, 'अंगावर काटा'. त्यावर अकरा बदाम.

आजीचं माहेर जुनं पळसदेव. ती लग्न होऊन बारामतीत आली तेव्हा तिचं गाव कोरडं होतं. मी तिला रील दाखवली. तिने चष्मा लावून दोनदा पाहिली, मग फोन परत देत म्हणाली, "लई झ्याक हाय देऊळ. कुठलंय?"

या रीलला हसायला मी लिहायला बसलेली नाही. रीलमुळेच मामेभाऊ आयुष्यात पहिल्यांदा तिथे जाऊन आला, हे तिचं श्रेय. पण 'मूळ रूप' हे दोन शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, घरांचे नकाशे काढून पोट भरणारी बाई. माझ्या धंद्यात प्रत्येक इमारतीचे दोन नकाशे असतात. एक मंजुरीचा, एक प्रत्यक्ष बांधलेलीचा. दोन्ही तंतोतंत जुळले असं मी आजवर एकही घर पाहिलेलं नाही. बाल्कनी खोलीत जाते, जिना फिरतो, देवघर ईशान्येला सरकतं. मग आठशे-नऊशे वर्षांच्या देवळाचं 'मूळ रूप' म्हणजे नेमकी कुठल्या दिवशीची अवस्था? आणि ती कशावरून काढायची?

हा प्रश्न बारामती-इंदापूरच्या दोन देवळांपाशी मला नीट कळला. एकातून पाण्यामुळे देव बाहेर पडला. दुसऱ्यात आधीचा देव कोण, हेच ठरवायचं आहे.

आधी पळसदेव, कारण ते रोज कुणीतरी फॉरवर्ड करतं. पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण मागे पडलं की पळसदेव लागतं, ते नवं गाव. जुनं भीमेच्या काठाला होतं. उजनीचं धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याच्या फुगवट्यात, म्हणजे कागदोपत्री यशवंतसागरात, जुनं गाव गेलं. पळसनाथाचं लिंग नव्या गावात आणून बसवलं, देऊळ मात्र तिथेच राहिलं. उजनीचा हिशेब आमच्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतो: धरण भरलं की एकशे सतरा टीएमसी, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. वापरायचं पाणी संपलं की आकडा शून्याच्या खाली जातो आणि लोक म्हणतात, 'उजनी मायनसमध्ये गेली.' ऊसवाल्यांचा जीव वर-खाली होतो, आणि आमचं देऊळ वर येतं. २०२४ च्या उन्हाळ्यात आकडा उणे पन्नासच्याही खाली उतरला होता तेव्हा लोक चालत आत गेले. मीही गेले.

देवळाच्या दर्शनासाठी दुष्काळ लागतो, याची मजा तिथे उभं राहिल्यावर वाटत नाही. तिकडे टँकर सुरू असतात.

तिथे गेल्यावर सगळ्यांची मान आपोआप वर जाते. शिखर तसंच आहे. लहान लहान शिखरांच्या आडव्या ओळी एकावर एक चढत गेलेल्या आणि त्यांच्या मधून सरळ वर जाणारे उभे पट्टे. या पद्धतीला भूमिज म्हणतात. महाराष्ट्रात ती अंबरनाथला आहे, सिन्नरच्या गोंदेश्वराला आहे. फोटो शिखराचे, ड्रोन शिखराभोवती, रीलची सुरुवातही शिखरापासून. पण देऊळ मुळात कसं होतं असं विचारलंत तर माझ्या मते शिखर हा सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार. आपल्याकडे कितीतरी देवळांना खाली दगडी भिंती आणि वर वीटचुन्याचं शिखर. वरचा भाग आधी पडतो, आणि पडला की जो कुणी दाता मिळेल तो आपल्या काळाच्या आवडीने पुन्हा बांधतो. जवळचंच यवतचं भुलेश्वर घ्या. यादवकाळातलं आतलं कोरीवकाम, आणि बाहेरून पाहावं तर मराठेकाळातले घुमट नि मिनार. बाहेर उभं राहून आतल्या देवळाचा अंदाजही येत नाही. भुलेश्वर फक्त फोटोत पाहिलेल्या माणसाने त्याचं 'मूळ रूप' काढलं, तर तो मिनारांना कळस लावून मोकळा होईल.

खरं बोलतं ते जोतं. भिंत ज्यावर उभी आहे तो दगडी थरांचा पाया कुणी हौसेने बदलत नाही, कारण तो बदलायचा तर सगळं देऊळ उतरवावं लागतं. जोत्याचे कोपरे किती, ते किती इंच पुढे-मागे होतात, यावर भिंतीची ताऱ्यासारखी नागमोड ठरते आणि तिच्यावर शिखराचे उभे पट्टे बसतात. म्हणजे उद्या शिखर साफ नाहीसं झालं तरी जोतं मोजून त्याच्या रचनेचा बराचसा अंदाज येईल. उलटा प्रवास तितका खात्रीचा नाही. जोत्यानंतर फरशी. खांब काढून नेला तरी तो जिथे उभा होता तिथे फरशीवर फिकट चौकोन उरतो, खाच उरते, बाकीची फरशी पायांनी झिजलेली आणि तेवढीच खडबडीत असते. मग दाराची चौकट: बिजागरीची भोकं, उंबऱ्याची झीज, ललाटपट्टीवर मधोमध कोरलेली छोटी मूर्ती. मग अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारी पन्हळ. गाभारा, त्यापुढचं अरुंद अंतराळ, मग सभामंडप, मग तोंडाशी छोटा मुखमंडप, हा क्रम आपल्याकडे एवढा ठरलेला आहे की दोन भाग मिळाले तर तिसऱ्याची जागा शोधता येते. शोधता येते, असं म्हणतेय मी. परस्पर काढता येत नाही.

आणि पळसदेवला नेमकं हेच गाळात आहे. चाळीसहून अधिक वर्षांचा गाळ. दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, जेसीबी लावा, दोन दिवसांत आवार मोकळं होईल. होईल ना. पण गाळ हे पांघरूणही असतं. पाण्याच्या लाटांनी भिंतीचे सांधे उघडे पडतात, तसं गाळाखालच्या फरशीचं होत नाही. शिवाय गाळात पडलेले दगड जिथे पडले तिथेच पडलेले असतात. जेसीबीचा बकेट त्यांना उचलून आवाराच्या कडेला एका रांगेत लावतो. फोटोत छान दिसतं. आणि कोणता दगड कुठून पडला हे कायमचं गेलं.

दगड कुठे पडलाय यात एवढं काय, असं वाटेल. याचं उत्तर माझ्यापुरतं मला इजिप्तने दिलं.

अखेनातेन नावाचा राजा साडेतीन हजार वर्षांच्या आसपास होऊन गेला. त्याने कर्नाकला सूर्याची देवळं बांधली, तीही घाईत, आणि एका माणसाला उचलता येतील अशा दगडांची. साधारण बावन्न सेंटिमीटर लांब, सव्वीस रुंद. तो गेल्यावर पुढच्या राजांनी त्याची देवळं उतरवली आणि ते दगड आपल्या प्रचंड दरवाजांच्या पोटात भराव म्हणून घातले. विसाव्या शतकात हे दरवाजे उघडावे लागले तेव्हा आतून हजारो चित्रित दगड निघाले. कुणाच्या एका दगडावर राणीचा हात, दुसऱ्यावर बैलाचं शिंग. १९६६ मध्ये रे विनफील्ड स्मिथ यांनी पस्तीस हजारांच्या आसपास दगडांचे फोटो एका मापात काढून ते संगणकाच्या मदतीने जुळवायला घेतले. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, छिद्रं पाडलेली कार्डं. आपण आज 'एआयने जुनं देऊळ दाखवा' म्हणतो त्याची ही पणजी. फरक एवढाच की तिला पुराव्याशिवाय एक हत्तीही काढायची परवानगी नव्हती.

पण मला त्या संगणकाहून नवव्या दरवाजाची गोष्ट जास्त आवडते. तो उतरवताना आतला प्रत्येक दगड कोणत्या थरात, कुणाशेजारी होता हे लिहून ठेवलं गेलं. मग लक्षात आलं की देऊळ पाडणाऱ्यांनी भिंतीचा वरचा दगड आधी काढला आणि भरावात आधी, म्हणजे तळाला टाकला. खालचे नंतर, वर. अख्खी भिंत उलटी होऊन त्या पोटात बसली होती. क्रम पुन्हा उलटा केला आणि चित्रं जुळत गेली. अशी जुळवलेली एक भिंत, दोनशे त्र्याऐंशी दगडांची, आज लक्सोरच्या संग्रहालयात उभी आहे. मोडणाऱ्यांच्या आळसाने देऊळ वाचवलं म्हणा. हे दगड कुणी भक्तिभावाने बाहेर काढून, धुऊन, मापाप्रमाणे रचून ठेवले असते तर? पस्तीस हजार तुकड्यांचं कोडं, आणि डबा फाटलेला.

रीलमध्ये नसतं ते हेच, दगडाचा पत्ता.

आता बारामती तालुक्यात या. मोरगावपासून फार लांब नाही, लोणी भापकर. बारामतीतल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं नाही आणि पुण्याहून येणारे हौशी लोक पाहून गेलेले आहेत, अशी त्याची परिस्थिती. तिथे मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, त्याला गावात दत्तमंदिरही म्हणतात. गाभाऱ्यात शिवलिंग. देवळाजवळ एक देखणी चौरस पुष्करणी, उतरत्या पायऱ्यांची, आतल्या भिंतींत देवांसाठी कोनाडे ठेवलेली. तिला लागून छोटा कोरीव मंडप. आणि एक वराह.

हा वराह मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहावीत होते, आणि मला तो डुक्कर आहे हेच कळलं नव्हतं. मला वाटलं पाठीवर गोधडी घातलेला छोटा हत्ती. नाक तुटलेलं आहे, माझी चूक समजून घ्या. त्याच्या अंगावर झूल कोरलेली आहे आणि त्या झुलीत विष्णूच्या छोट्या छोट्या प्रतिमा ओळीने. याला यज्ञवराह म्हणतात. म्हणजे शंकराच्या देवळाच्या आवारात विष्णूचा अवतार, तोही एवढा खर्च करून घडवलेला.

यावरून लिहिणाऱ्यांनी निष्कर्ष काढला आहे की हे देऊळ मुळात विष्णूचं, लिंग नंतर आलं. बहुतेक ठिकाणी हे वाक्य 'अर्थातच' लावून येतं. मला ते पटायचं. अजूनही साठ-सत्तर टक्के पटतं. पण 'अर्थातच' काढून टाकल्याशिवाय देवळाचा नकाशा काढता येत नाही.

पाहा हं. हा वराह मुळात कुठे उभा होता? पहिली शक्यता: पुष्करणीकाठच्या त्या मंडपात. शंकरापुढे नंदीला मंडप असतो तसा. खजुराहोला लक्ष्मण मंदिरासमोर वराहाचा स्वतंत्र मंडप आहे, आणि तिथला वराह तर सहाशेहून जास्त मूर्ती अंगावर घेऊन उभा आहे. म्हणजे अशी मांडणी आपल्याकडे होती. मग समोरच्या गाभाऱ्यात विष्णू असणार हे ओघाने येतं. दुसरी शक्यता: त्या मंडपातला देव म्हणजेच वराह, मंडप हेच त्याचं देऊळ, आणि शेजारचं मोठं देऊळ वेगळ्याच कुणाचं. एका आवारात दोन देव नांदत नाहीत असं थोडंच आहे? तिसरी: वराह दुसऱ्याच, आता नाहीशा झालेल्या देवळातून इथे आणून ठेवलेला. चाकणला चक्रेश्वराच्या आवारातही असाच एक भग्न वराह आहे, तोही शंकराच्या दारात. एका जिल्ह्यात दोन वेळा हे दिसतं म्हटल्यावर 'विष्णूचं देऊळ बळकावलं' ही कथा सांगण्याआधी मी तरी थांबेन. असं सांगणाऱ्यांना दगडापेक्षा भांडणात जास्त रस असतो, असा अनुभव आहे.

या तीन शक्यतांमधून निवड करायला गूढ विद्या लागत नाही, टेप लागतो. वराहाच्या पायाखालचा पाट किती लांब-रुंद? मंडपाच्या फरशीत तेवढी मोकळी, न झिजलेली जागा आहे का? मंडपाच्या दोन खांबांमधून तो आत जाऊ तरी शकतो का, की आधी वराह बसवून मग खांब उभे करावे लागले असते? मंडपाची मध्यरेषा आणि गाभाऱ्याच्या दाराची मध्यरेषा एक आहे का? लिंगाची शाळुंका गाभाऱ्याच्या फरशीत बसवलेली आहे की फरशीवर ठेवलेली? पन्हळ भिंतीबरोबर घडलेली आहे की नंतर भोक पाडून घातलेली? बाहेरच्या तिन्ही भिंतींच्या मुख्य कोनाड्यांत कोण होतं? यातला एकही प्रश्न 'अप्रतिम' या शब्दाने सुटत नाही.

आणि इथे मला आपल्या मराठी मंदिरलेखनाबद्दल, ज्यावर मी वाढले, एक तक्रार करायची आहे. ब्लॉग, फेसबुक, दिवाळी अंक, आता यूट्यूब. किती लोक स्वतःच्या पैशाने, रविवार मोडून, उन्हात ही देवळं पाहतात आणि लिहितात. त्यांच्यामुळेच मला लोणीचा वराह डुक्कर आहे हे कळलं. पण या लेखनात मूर्ती असते, नकाशा नसतो. ही सुरसुंदरी, हा शरभ, हा भारवाहक यक्ष, पुढे चला. जणू देऊळ म्हणजे मूर्तींचं प्रदर्शन आणि भिंत म्हणजे त्यांना टांगायची जागा. हेन्री कझिन्सचं दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचं पुस्तक १९३१ चं आहे. त्यात देवळांचे मोजून काढलेले नकाशे आहेत. देगलूरकरांसारख्या अभ्यासकांनी मूर्ती देवळाच्या रचनेत कुठे आणि का बसते हे आयुष्यभर समजावलं. आपण त्यांच्याकडून मूर्तींची नावं घेतली आणि 'कुठे' सोडून दिलं. आज खिशातल्या फोनने चारी बाजूंनी दीडशे फोटो काढून फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले तर देवळाचं मापात बसणारं त्रिमित मॉडेल होतं. ज्या फोनवर रील येते त्याच फोनवर.

दुसरी तक्रार 'हेमाडपंती' या शब्दाची. चुना न वापरता दगडावर दगड बसवलेलं काहीही दिसलं की हेमाडपंती. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, म्हणजे १२६० नंतरचा. पळसदेवचा एक मराठी शिलालेख शके १०७९ चा, म्हणजे ११५७ चा नोंदलेला आहे. हेमाडपंताच्या शंभर वर्षं आधी पळसदेवात दगडावर मराठी कोरलं जात होतं. तरीही बातमी दरवर्षी तीच: 'हेमाडपंती मंदिर पाण्याबाहेर'. बरं, लेख ११५७ चा म्हणून देवळाचा प्रत्येक दगडही ११५७ चा ठरत नाही. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे म्हणून गोठ्यावरचा पत्रा त्यांनी घातला असं होत नाही. काळ सांगायचा तर भिंतीचा वेगळा, मंडपाचा वेगळा, प्राकाराचा वेगळा, शिखराचा वेगळा सांगावा लागेल. मग 'मूळ रूप' एक उरत नाही, तीन-चार होतात, आणि रीलची लांबी वाढते.

जागेवरून हललेल्या दगडाबद्दल आपल्या लोकांना काहीच कळत नाही असं मात्र समजू नका. मोरगावला मयूरेश्वरासमोर नंदी आहे. गणपतीपुढे उंदीर हवा, नंदी कसा? गावाने हा प्रश्न कधीच विचारला आणि उत्तरही दिलं: हा नंदी शंकराच्या देवळात न्यायचा होता, वाटेत इथे गाडा मोडला, नंदी उठेना, राहिला. मला ही कथा मनापासून आवडते. चमत्काराचा भाग बाजूला ठेवा. उरतं ते असं: ही वस्तू या मांडणीतली वाटत नाही, दुसरीकडची असावी, वाहतुकीत इथे थांबली. पुरातत्त्वाच्या अहवालात हेच वाक्य जरा कंटाळवाण्या भाषेत येईल.

आता पाण्याकडे परत. इजिप्तमध्ये आस्वानला १९०२ मध्ये पहिलं धरण झालं आणि फिली बेटावरचं इसिसचं देऊळ वर्षातला बराच काळ पाण्यात जाऊ लागलं. पाणी उतरलं की वर यायचं. अगदी आपल्या पळसनाथासारखं. लोक होड्यांतून खांबांमधून फिरायचे, खांबांवरचे रंग धुऊन गेले. मग मोठं धरण आलं तेव्हा युनेस्कोच्या मोहिमेत बेटाभोवती बांध घालून पाणी उपसलं, देऊळ मोजलं, चाळीस हजारांच्या आसपास तुकड्यांत उतरवलं, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि जवळच्या उंच बेटावर पुन्हा उभं केलं. ते काम १९८० मध्ये पुरं झालं. उजनीही १९८० मध्ये पुरी झाली.

या योगायोगावर मी बराच वेळ अडकून पडले होते. पण त्यावरून 'आपल्याला किंमत नाही' असं रडगाणं गायची माझी तयारी नाही. आपल्या देशातही नागार्जुनसागराच्या आधी नागार्जुनकोंड्याला सहा वर्षं उत्खनन होऊन काही वास्तू उंचावर पुन्हा रचल्या गेल्या. श्रीशैलमच्या पाण्यातून कूडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ उचलून आलमपूरला नेलं. उजनीत घरं गेली, जमिनी गेल्या, माणसं पुनर्वसनाच्या कागदांमागे वर्षानुवर्षं फिरली. अशा वेळी देवळाचे दगड मोजा असं म्हणायची कुणाची हिंमत झाली असती? गावाने त्यातल्या त्यात नेण्याजोगं होतं ते नेलं, देव. दगडी लिंग उचलून नेणारी माणसं आणि क्रमांक घालून खांब नेणारे इंजिनियर, दोघांना देऊळ वाचवायचं होतं. देऊळ म्हणजे काय यावर त्यांचं एकमत नव्हतं, इतकंच.

पण आता घाई कुठली आहे? पाणी दर दोन-तीन वर्षांनी उतरतंच. काही हलवायचं नाही, काही उभारायचं नाही. पुढच्या वेळी उजनी मायनसमध्ये गेली की ड्रोनआधी टेप जाऊ दे. बाहेर पडलेला प्रत्येक कोरीव दगड, वीरगळ, खांबाचा तुकडा जिथे आहे तिथे फोटो, जवळच्या भिंतीपासून अंतर, तोंड कुणीकडे. उचलायचा नाही. सरळ करून टेकवायचासुद्धा नाही, फोटो वाईट आला तरी. पाण्याबाहेरच्या देवळांना, लोणीसारख्यांना तर जास्त धोका, कारण तिथे बाराही महिने जीर्णोद्धार होऊ शकतो. मी एका गावात (नाव नको, सोयरीक आहे) जुन्या सभामंडपात पांढऱ्या टाइल बसवलेल्या पाहिल्या. पाय भाजत नाहीत, पुसायला सोपं, बायकांना बसायला बरं. याला मी काय उत्तर देणार? एवढंच म्हणाले की टाइल बसवायच्या आधी जुन्या फरशीचा फोटो होता का. नव्हता.

पळसदेवचा एक नकाशा मी काढला आहे. दोन फेऱ्यांत जेवढं दिसलं, मोजता आलं तेवढा. आमच्या धंद्यात जे डोळ्यांनी दिसतं ते सलग रेषेत आणि जे झाकलेलं किंवा गृहीत धरलेलं असतं ते तुटक रेषेत काढतात. गाभारा सलग, अंतराळ सलग, सभामंडप बहुतेक सलग. त्यापुढे सगळं तुटक. रीलशी माझं खरं भांडण एवढंच आहे की तिच्यात तुटक रेष नाही. हत्तीही सलग, कळसही सलग आणि गाभाऱ्याची भिंतही सलग. पाहणाऱ्याला कळायला मार्गच नाही की यातली शेवटची खरी आहे.

पुढच्या पायऱ्यांसाठी मी आजीला विचारलं. ती म्हणाली, पाच. शेजारी तिचा धाकटा भाऊ बसला होता, तो म्हणाला, सात. "तू बारका व्हतास, तुला काय म्हाईत," आजी म्हणाली. "बारका व्हतो म्हून तर मोजायचो," तो म्हणाला. अर्धा तास भांडण. पायऱ्या गाळात आहेत. पावसाळ्यात भीमेने आणलेल्या मातीत खालच्या दोन तेव्हाही बुजत असतील तर दोघंही बरोबर. मी दोघांच्याही पायऱ्या तुटक रेषेत काढल्या, पाच एका जाडीत आणि दोन त्याहून बारीक.

मग ए-थ्रीवर प्रिंट काढून आजीपुढे पसरला. तिला नकाशा वाचता येत नाही असं मला वाटायचं. तिने आधी दार कुठलं ते विचारून घेतलं. मग तिचं बोट दारातून बाहेर आलं, पायऱ्या उतरलं, डावीकडे वळलं, मोकळ्या कागदावरून चालत कडेला पोचलं आणि तिथेही न थांबता टेबलावर गेलं. चहाच्या कपाशी थांबून म्हणाली, "आमचं घर हितं."

मी कप उचलला आणि दुसरा कागद जोडला.